जोडीदाराने ठेवलेला चेंडू

नाशिकमध्ये 'गोल्फ क्लबवर भेटू' असं म्हणणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव माणसांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नसते. गोल्फ क्लब म्हणजे आमच्यासाठी सकाळी फिरायला जायचा ट्रॅक, कोपऱ्यात घोळक्याने हसणारे ज्येष्ठ नागरिक, आणि महाराष्ट्राची रणजी मॅच असली की मांडव घालून सजलेलं क्रिकेटचं मैदान. इंग्रजांच्या काळात तिथे साहेब लोक गोल्फ खेळत, म्हणून ते नाव चिकटलं. कागदोपत्री त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. म्हणजे 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला ज्या कोवळ्या पोराने गोळ्या घातल्या, त्याचं नाव साहेबाच्या खेळाच्या जागेला. आणि तरी रिक्षावाल्याला 'कान्हेरे मैदान' म्हटलं तर तो क्षणभर विचार करतो, 'गोल्फ क्लब' म्हटलं की मीटर टाकतो. (टाकला तर.)

तर गोल्फशी माझा संबंध एवढाच होता. पन्नाशी उलटेपर्यंत.

7 ऑगस्ट 2021. पहाटे पाचला दादाचा फोन आला. आमच्या घरात पहाटेचा फोन म्हणजे कोणीतरी गेलं, एवढाच अर्थ. मी घाबरून उचलला तर म्हणाला, "टीव्ही लाव. आपली पोरगी गोल्फमध्ये मेडलजवळ आहे." कोणाची पोरगी, कुठलं गोल्फ, मला काही कळेना. लावला. टोकियो ऑलिम्पिक, आदिती अशोक, बंगळुरूची, जागतिक क्रमवारीत 200वी. त्या दिवशी सकाळी भारतातल्या किती घरांमध्ये माझ्यासारखी माणसं चहाचा कप हातात धरून 'बर्डी म्हणजे चांगलं ना?' असं एकमेकांना विचारत बसली असतील! मध्येच वादळी पाऊस आला, खेळ थांबला, आमचा जीव वर-खाली. शेवटी एका फटक्याने कांस्यपदक हुकलं. संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकला आणि सगळा देश सकाळ विसरला. साहजिकच आहे.

मी मात्र एका गोष्टीत अडकून पडले होते. आदितीची बॅग वाहणारी कॅडी म्हणजे तिची आई होती. उन्हात टोपी घातलेली बाई, मुलीच्या दोन पावलं मागे. मुलगी वाकून ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या कापलेल्या हिरवळीचा, उतार वाचतेय, आई पलीकडे उभी. मुलीचा पट (ग्रीनवरून भोकाकडे चेंडू ढकलायचा हलका फटका) भोकाच्या काठाशी थांबला तरी आईच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. हे कसं जमतं? माझ्या मुलाचा बारावीचा पेपर कठीण गेला तेव्हा मी रिक्षातच रडायला लागले होते.

त्या दिवसापासून मी वाचायला लागले, आणि वाचता वाचता त्याच मैदानाने मला 1957 सालात नेऊन सोडलं. आदिती खेळली ते टोकियोजवळचं कासुमिगासेकी. (या क्लबने बायकांना पूर्ण सदस्यत्व दिलं 2017 साली, तेही ऑलिम्पिकवाल्यांनी रेटा लावल्यावर. तिथेच चार वर्षांनी एक मायलेकीची जोडी चालत होती, हे मला फार आवडलं.) पुरुषांच्या स्पर्धेत आपल्याकडून त्याच मैदानावर अनिर्बान लाहिरी आणि उदयन माने खेळले. लाहिरी जन्माने पुण्याचा, माने पुणेकर, आणि मानेला जागा मिळाली ती अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतल्यामुळे. पण ऑलिम्पिकमध्ये प्रत्येकजण आपापला. 1957 साली तिथे जी स्पर्धा झाली ती वेगळी होती. देशागणिक दोन माणसं. जोडी.

नाव होतं कॅनडा कप. पुढे 1967 पासून तिला वर्ल्ड कप म्हणायला लागले. ती सुरू केली जॉन जे हॉपकिन्स नावाच्या अमेरिकन उद्योगपतीने, 1953 साली, माँट्रियलला. हा गृहस्थ जनरल डायनॅमिक्स या कंपनीचा प्रमुख. जगातली पहिली अणुपाणबुडी, नॉटिलस, ती यांच्याच कंपनीची. कॅनडातला विमानांचा कारखानाही यांचाच. म्हणजे दिवसा युद्धसामग्री आणि संध्याकाळी 'गोल्फमधून राष्ट्राराष्ट्रांत सद्भावना'. मला आधी हसू आलं. मग वाटलं, ज्याला पाणबुडी कशासाठी असते हे नेमकं ठाऊक आहे, त्याला सद्भावनेची गरज इतरांपेक्षा जास्त वाटली असेल तर त्यात नवल काय. पहिल्या वर्षी सातच देश आले. जिंकला अर्जेंटिना. रोबेर्तो दे व्हिसेंझो आणि अंतोनियो सेर्दा.

कासुमिगासेकीची स्पर्धा बघायला हॉपकिन्स राहिला नाही, त्याच वर्षी मे महिन्यात गेला. त्याने काय बघायचं हुकवलं! महायुद्धातली शरणागती होऊन बारा वर्षं झालेली. समोर अमेरिकेचे सॅम स्नीड आणि जिमी डेमरे, दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअर. जपानकडून तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो. नाकामुरा 42 वर्षांचा, अंगाने लहानखुरा, कॅडीचं काम करत करत वर आलेला. तिथल्या ग्रीनवरचं 'कोराई' गवत खरखरीत, पाहुण्यांचे चेंडू त्याच्यावर भलतीकडे वळत होते. नाकामुरा मात्र त्या गवताच्या अंगाखांद्यावर वाढलेला. दोघांचे चार दिवसांचे फटके मिळून जपान 557, अमेरिका 566, आणि गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. वैयक्तिक पहिला क्रमांकही नाकामुराचाच. हे सगळं जपानी टीव्हीवर दिसलं, आणि त्यानंतर त्या देशात गोल्फचं जे वेड पसरलं ते इमारतींच्या गच्च्यांवर जाळ्या लावून चेंडू मारण्यापर्यंत गेलं. आपल्याकडे 1983 नंतर गल्लीबोळात क्रिकेटचं जे झालं, तसंच म्हणा ना.

यात ओनोचं नाव मात्र दुसरं येतं. नेहमीच. जोडीतल्या दुसऱ्या नावाची मला आता सवयच लागली आहे शोधायची. 1987 साली हवाईतल्या कपालुआला वेल्स जिंकलं तेव्हाची जोडी बघा. इयन वूझनम आणि डेव्हिड ल्युएलिन. वूझनम त्या वर्षी सुसाट सुटलेला, वैयक्तिक बक्षीसही त्यालाच. ल्युएलिनला वेल्सच्या बाहेर किती लोक ओळखत असतील कोण जाणे. पण दोघांची बेरीज धरायची असेल तर एकट्याच्या पराक्रमाने भागत नाही, दुसऱ्यालाही प्रत्येक होलवर घाम गाळावा लागतो. स्कॉटलंडशी बरोबरी झाली, प्लेऑफ झाला, आणि चषक वेल्सकडे गेला. इतक्या मोठ्या खेळाडूच्या शेजारी चार दिवस उभं राहून आपलं ओझं त्याच्यावर पडू न देणं, हे काय असतं ते मला थोडंफार माहीत आहे.

त्यासाठी कॅरमकडे वळावं लागेल.

1988 सालचा आमच्या कॉलनीचा गणपती. दादा तेव्हा इंजिनिअरिंगला, आख्ख्या कॉलनीत कॅरमचा बादशहा. सिंगल्समध्ये त्याच्यासमोर बसायला कोणी धजत नसे. डबल्सला त्याचा नेहमीचा जोडीदार गावाला गेला, म्हणून मला बसवलं. कॅरमच्या डबल्समध्ये जोडीदार समोरासमोर बसतात, मध्ये बोर्ड, आजूबाजूला शत्रू. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. गंमत अशी की जी सोंगटी माझ्या पुढ्यात चौकटीला चिकटून बसली आहे, ती मला मरणाची कठीण आणि दादाला समोरून सोपी. म्हणजे आपल्याला न जमणाऱ्या सोंगट्या जोडीदारासाठी ठेवायच्या, आणि त्याने आपल्यासाठी काय ठेवलंय ते ओळखायचं. दादा हे फार सुंदर करायचा. प्रत्येक वेळी माझ्या पाळीला माझ्या कुवतीची एखादी पांढरी बरोबर समोर आलेली असायची. आम्ही फायनलला गेलो ते त्याच्या जिवावर.

फायनल, चोवीस-चोवीस. शेवटचा बोर्ड. क्वीन दादाने आधीच कव्हरसकट घेतलेली. आमची एक पांढरी शिल्लक, त्यांची एक काळी, तीही भोकाच्या तोंडाशी. पाळी माझी. पांढरी सरळ होती. दहातून नऊ वेळा मी ती घातली असती. बोरिक पावडर जरा जास्त पडली होती की माझं बोट, देव जाणे. पांढरी भोकाच्या काठाला लागून परत आली आणि स्ट्रायकर उलटून, फिरत फिरत, जाऊन त्या काळीला हळूच टेकला. काळी पडली. त्यांची शेवटची सोंगटी आम्हीच घातली, म्हणजे बोर्ड त्यांचा. मंडपात टाळ्या. मी दादाकडे बघितलं. तो तळहाताने बोर्डावरची पावडर गोळा करत होता, अगदी सावकाश, चारही कोपऱ्यांतून. काही म्हणाला नाही. मी "सॉरी" म्हटलं, त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, चपला घातल्या आणि गेला. त्या विषयावर आम्ही आजतागायत बोललेलो नाही. तेहतीस वर्षं मला वाटत होतं की तो रागावला होता.

आता गोल्फच्या जोडीचे दोन प्रकार असतात. फोरबॉलमध्ये दोघेही आपापला चेंडू खेळतात आणि ज्याचे फटके कमी, ते धरतात. हा सुखाचा संसार. एकाने डुलकी काढली तरी दुसरा निभावून नेतो. फोरसम्स मात्र अवघड. दोघांत चेंडू एकच, आळीपाळीने मारायचा. विषम होलांवर पहिला फटका एकाने मारायचा, सम होलांवर दुसऱ्याने. मी झाडीत घातला तर झाडीतून तू काढायचा. मी अप्रतिम फटका मारून चेंडू भोकाच्या तीन फुटांवर ठेवला आणि तू तो पट हुकवलास तर तेवढ्यासाठी पुन्हा माझी पाळी. शिवाय चेंडू कोणाच्या पसंतीचा घ्यायचा हेही आधी ठरवायचं, कारण आयुष्यभर प्रत्येकजण एकाच जातीच्या चेंडूला सरावलेला असतो. एका चेंडूवर दोघांनी तडजोड करायची! लग्न ठरवताना कुणी इतका विचार करत नाही. आणि या फोरसम्समध्ये एक जुना संकेत आहे, जोडीदाराला सॉरी म्हणायचं नाही. तुला मुद्दाम झाडीत घालायचा नव्हता हे त्याला ठाऊक आहे. तू सॉरी म्हटलंस की त्याला 'असू दे' म्हणावं लागतं, आणि पुढचा फटका त्याला मारायचा असतो. तेवढ्या वेळात त्याला वारा बघू दे.

हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून बराच वेळ खिडकीशी उभी होते.

वर्ल्ड कपमध्ये 2000 सालापासून (2013 सोडलं तर) दोन दिवस फोरबॉल, दोन दिवस फोरसम्स असं आलं. त्याआधी नुसती बेरीज. बेरजेच्या काळातली मला सगळ्यात आवडणारी जोडी निकलस आणि पामर. 1962 साली बावीस वर्षांच्या जॅक निकलसने अमेरिकन ओपनच्या प्लेऑफमध्ये अरनॉल्ड पामरला हरवलं, तेही ओकमाँटला, पामरच्या गावाजवळ. लोकांनी त्या पोराची हुर्यो उडवली, त्याच्या जाडेपणावरून टोमणे मारले. आणि पुढच्याच वर्षी हे दोघे पॅरिसजवळ सेंट-नॉम-ला-ब्रेतेशला एका देशाची जोडी म्हणून उभे. धुकं इतकं की 72 होलांची स्पर्धा 63 होलांवर आटोपली. जिंकले ते हेच. मग 1964, 1966, 1967. चार वेळा. एकमेकांवर कुरघोडी करणं थांबलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. उलट बेरीज असल्यामुळे दोघांनी आपापल्या परीने दुसऱ्याला मागे टाकायचा प्रयत्न केला असणार आणि त्यातच देशाचं भलं झालं असणार. सख्ख्या जावांनी ईर्षेने स्वयंपाक केला की पाहुण्यांची चंगळ होते, त्यातलाच प्रकार.

2009 सालची गोष्ट मात्र माझ्या मर्मावर बसली. चीनमध्ये, शेनझेनजवळच्या मिशन हिल्सला, इटलीची जोडी होती एदुआर्दो आणि फ्रान्चेस्को मोलिनारी. तुरीनचे सख्खे भाऊ, दीड-पावणेदोन वर्षांचं अंतर. शेवटच्या दिवशी फोरसम्स, म्हणजे भावाभावात एक चेंडू. पाठीवर आयर्लंड आणि स्वीडन बसलेले. एका फटक्याने इटली जिंकलं. सख्ख्या भावांनी हा चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पण मला थांबवलं ते त्याच्या तीन वर्षं आधीच्या एका प्रसंगाने. मोठा एदुआर्दो अमेरिकेची हौशी स्पर्धा जिंकलेला, म्हणून 2006 च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत प्रथेप्रमाणे त्याला गतविजेत्याबरोबर खेळायला मिळालं. गतविजेता टायगर वूड्स. आणि एदुआर्दोची बॅग खांद्यावर घेऊन मागून चालत होता धाकटा फ्रान्चेस्को. बारा वर्षांनी, 2018 साली, कार्नुस्टीला ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी फ्रान्चेस्को पुन्हा टायगर वूड्सबरोबर चालत होता. या वेळी स्वतःची बॅग. ओपन त्यानेच जिंकली.

धाकट्याने मोठ्याची बॅग वाहायची, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. दादाची पुस्तकं, दादाची सायकल, दादाची शाळेतली कीर्ती. ('तू त्याची बहीण ना? मग गणितात हे काय?') पण बॅग वाहताना माणूस जवळून बघतो. मोठा भाऊ कुठे घाबरतो, हात कधी पुसतो, वाईट फटक्यानंतर कुठे बघतो. मी तीन आठवडे दादासमोर कॅरमला बसले होते आणि एवढंच शिकले होते की वाईट शॉटनंतर तो पंख्याकडे बघतो.

पहिल्या वर्षी जिंकलेला अर्जेंटिनाचा दे व्हिसेंझो मधूनमधून माझ्या डोक्यात येत राहतो. पुढे 1970 साली, ब्वेनोस आइरेसला, 47 व्या वर्षी तो या स्पर्धेत वैयक्तिक पहिला आला. पण जगाला तो आठवतो एका स्कोअरकार्डामुळे. मास्टर्स, 14 एप्रिल 1968, त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. गोल्फमध्ये तुमचे फटके तुमच्याबरोबर खेळणारा मांडतो आणि तुम्ही तपासून सही करता. टॉमी आरनने सतराव्या होलवर तीनच्या जागी चार लिहिले. दे व्हिसेंझोने न बघता सही केली. सही केलेला मोठा आकडा तसाच धरायचा, असा नियम. एका आकड्यापायी प्लेऑफ गेला, स्पर्धा बॉब गोल्बीला. चूक लिहिणाऱ्याची होती. दे व्हिसेंझोने मात्र जगासमोर स्वतःलाच मूर्ख म्हटलं, आरनला नाही. आमच्या कॉलनीत तर नुसत्या पॉइंट लिहिण्यावरून दोन घरांनी चार वर्षं एकमेकांकडे हळदीकुंकू बंद ठेवलं होतं.

आपल्याही जोड्या गेल्या या स्पर्धेला. 2013 साली मेलबर्नला लाहिरी आणि गगनजीत भुल्लर. त्याच वेळची जेसन डेची गोष्ट सांगायलाच हवी. त्याची आई फिलिपिन्सची. स्पर्धेच्या जेमतेम दोन आठवडे आधी तिथे हैयान वादळ झालं आणि आजीसह त्याचे आठ नातेवाईक गेले. तरी तो खेळला, स्वतः पहिला आला, आणि ॲडम स्कॉटबरोबर ऑस्ट्रेलियाला चषकही मिळवून दिला. आई मैदानावर होती. 2016 ला आपल्याकडून शिवशंकर चौरसिया आणि चिक्करंगप्पा. एकाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर हिरवळीची निगा राखणारे. 1829 सालचा हा क्लब, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना. दुसरा बंगळुरूजवळ ईगलटनच्या कोर्सला खेटून असलेल्या खेड्यात वाढलेला. कुंपणाच्या बाहेरून खेळ बघणारी दोन पोरं देशाची जोडी म्हणून आत उतरली. ते जिंकले नाहीत. नसू देत. साहेबाच्या गोल्फ क्लबचं नाव आम्ही रिक्षासाठी वापरतो, या दोघांनी त्याच्या आत घर केलं.

शेवटची स्पर्धा झाली 2018 ला, पुन्हा मेलबर्नला. बेल्जियम जिंकलं. दोघांचंही नाव थॉमस, एक पीटर्स, एक डेट्री, लहानपणापासूनचे मित्र. त्यानंतर ही स्पर्धा भरलेलीच नाही. पैसा एकेकट्याच्या खेळात आहे, आणि प्रत्येक आठवड्याला कुठेतरी मोठं बक्षीस लागलेलं असतं. दोघांनी मिळून देशासाठी चार दिवस खेळायला कॅलेंडरात जागाच उरली नाही म्हणतात. मला हे पटत नाही, पण माझ्या पटण्याला विचारतो कोण.

गेल्या दिवाळीत नाशिकला गेले होते. सकाळी दादाबरोबर गोल्फ क्लबवर दोन फेऱ्या मारल्या. गुडघ्यामुळे तो आता हळू चालतो. मी त्याला फोरसम्सचं सांगितलं, सॉरी न म्हणण्याचं सांगितलं. तो ऐकत होता. "बरोबरच आहे," एवढंच म्हणाला, आणि उसाच्या रसाच्या गाड्याकडे वळला.

संध्याकाळी त्याच्या नातीने माळ्यावरून तो जुना बोर्ड काढायला लावला. एका बाजूला ती आणि तिचा बाप, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. पंखा बंद केला, पावडर उडते म्हणून. दादाची नजर पूर्वीसारखी राहिलेली नाही. तिसऱ्याच पाळीत त्याने एक सोपी पांढरी घालवली, आणि उरलेली बिचारी सरळ येऊन माझ्या पुढ्यात, चौकटीला अशी चिकटून बसली की तिला मारायला माझ्याकडे कुठलाच कोन नव्हता. त्याने सवयीने वर बंद पंख्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"बोलायचं नाही," मी म्हटलं, आणि स्ट्रायकर पुसायला घेतला.